सिकलसेलवाल्यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड : काढून घ्या, पण फाईल भरून न्या

मी सिकलसेलची पेशंट, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींचा जन्मापासूनचा आजार, एसएस पॅटर्न (आजार असलेला, नुसता वाहक नाही). विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात आईसोबत राहते आणि अंगात त्राण असतं तेव्हा घरीच ब्लाऊज, पिको-फॉल करते. दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि त्याच्यावर संजय गांधी निराधारचं अनुदान, हे सगळं आता सुरू झालंय म्हणून या पूर्ण सर्व्हिसबद्दल नीट लिहायचं ठरवलं, कारण आमच्या भागात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, तिकडे मेळघाट आणि पार नंदुरबारपर्यंत सिकलसेलची इतकी माणसं आहेत आणि तरी बऱ्याच घरांत हेच माहीत नाही की हा आजार दिव्यांगांच्या कायद्यात येतो. मलाही ते आशाताईंनी सांगितलं तेव्हा कळलं, टीव्हीवरून नाही की पेपरातून नाही.

आधी माझं मत सांगून टाकते. काढून घेण्यासारखं आहे, नक्की काढा. पाचपैकी साडेतीन देईन. अर्ज ऑनलाईन झाला हे चांगलं, कार्ड पूर्ण देशात चालतं हेही चांगलं, पण तपासणीची जी पद्धत आहे ती दिसणाऱ्या अपंगत्वासाठी बनलेली आहे, आमच्यासारखा आत दुखणारा आजार तिच्यात बसवताना सगळा भार कागदावर येतो, आणि नेमके कागदच आपल्या लोकांकडे नसतात. बाकी जे काही लिहितेय ते याच एका गोष्टीभोवती आहे असं समजा.

कायद्याचं थोडक्यात. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात रक्ताचे आजार नव्हतेच. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यात 21 प्रकार झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया असे रक्ताचे तीन आजार आहेत, शिवाय मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आहेत. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेली माणसं मात्र या यादीत नाहीत, आणि हे मला खरंच पटत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस मशीनला लागून काढणारा माणूस काम तरी काय करणार, पण सध्या कायदा असा आहे. आणखी एक, एएस म्हणजे वाहक असलेल्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्यांना आजार नसतो. आमच्याकडे तपासणी कॅम्पमधलं एएसचं कार्ड घेऊन लोक मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर, जाऊन बसतात आणि दिवसाची मजुरी बुडवून परत येतात. त्यामुळे आधी आपला पॅटर्न बघून घ्या. सोल्युबिलिटीची साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली एवढ्याने चालत नाही, एसएस की एएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या तपासण्यांच्या रिपोर्टवरच कळतं आणि बोर्ड तोच रिपोर्ट मागतं.

आता अर्ज. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र ऑनलाईनच निघतं, स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, त्याला काही फी नाही. मोबाईलवरून भरता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा आणि आजाराचे कागद लागतात. आजाराच्या प्रकारात रक्ताचे आजार निवडून त्यात सिकलसेल घ्यायचं आणि तपासणीसाठी कुठलं हॉस्पिटल तेही तिथेच निवडायचं. शेवटी एनरोलमेंट नंबर मिळतो, तो जपून ठेवा, पुढे स्टेटस बघायला, कार्ड डाऊनलोड करायला तोच लागतो. मी आमच्या इथल्या एका कॅफेत भरला, तिथल्या माणसाने फॉर्मचे पैसे घेतले ते ठीक आहे, त्याची मेहनत आहे, पण त्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकून ठेवला होता. म्हणजे मेसेज त्याला येणार, ओटीपी त्याला येणार आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या दुकानात जायचं. मी तिथेच उभी राहून बदलून घेतला. तुम्हीही सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर स्वतः वाचून बघा. नाव आधारवर जसं आहे तसंच पाहिजे, आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर एक असं सर्रास असतं, आणि ते पुढे तहसीलमध्ये अडकतं.

यातल्या कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरं काम इथेच आहे. क्रायसिस, म्हणजे अंग एकदम असह्य दुखायला लागणं, आला की आपण काय करतो? गरम पाण्याची पिशवी, गोळी, भरपूर पाणी, आणि आई पाय चेपत बसते. रात्र काढायची, दुसरा दिवस काढायचा, अगदीच सहन होईना तेव्हा गाडी करून दवाखान्यात जायचं. म्हणजे वर्षभरात जितकं दुखणं झालं त्यातलं फार थोडं कागदावर येतं. बोर्डाच्या डॉक्टरला तुमची रात्र दिसत नाही, त्याला डिस्चार्ज कार्ड दिसतं. त्यामुळे आज ज्यांचा अर्ज करायचा विचार आहे त्यांनी आत्तापासून एक करा, क्रायसिस साधा असला तरी पीएचसीत जा, ओपीडीचा कागद काढा आणि त्याच्यावर डॉक्टरांना नुसतं अंगदुखी न लिहिता सिकलसेल क्रायसिस असं लिहायला सांगा. डिस्चार्ज कार्डावर एससीडी विथ व्हीओसी असं लिहिलेलं असतं, ते क्रायसिसच आहे. रक्त चढवलं असेल तर किती बाटल्या ते कार्डावर आहे की नाही ते घरी यायच्या आधी बघा. हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी करणारं औषध) चालू असेल तर त्याच्या चिठ्ठ्या ठेवा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सगळ्यांनाच मिळतात, पण हायड्रॉक्सियुरिया चालू आहे म्हणजे डॉक्टरांनी आजाराचा जोर बघून दिलंय हे त्यातून कळतं.

माझी फाईल आमच्या आशाताईंनी लावून दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. साधी प्लास्टिकची फाईल. सगळ्यात वर एचपीएलसीचा रिपोर्ट. त्याच्या खाली एक वहीचा कागद, त्याच्यावर हाताने आखलेला तक्ता, कुठल्या साली कुठल्या महिन्यात भरती, किती दिवस, तेव्हा हिमोग्लोबिन किती, रक्त किती बाटल्या. त्याच्या खाली त्याच क्रमाने डिस्चार्ज कार्डं, जुनं खाली नवीन वर. जुन्या कार्डांची शाई उडाली होती, त्यांची झेरॉक्स जरा डार्क काढून ओरिजनलच्या मागे लावली. शेवटी खुब्याचा एक्स-रे आणि एमआरआयचा रिपोर्ट. हे मी एवढं बारीक सांगतेय कारण बोर्डाच्या रूममध्ये डॉक्टरांनी माझ्याकडे जितका वेळ बघितलं त्याच्यापेक्षा जास्त वेळ त्या वहीच्या कागदाकडे बघितलं. माझ्या पुढे एक मामाजी होते, त्यांच्या पोराला माझ्यापेक्षा जास्त त्रास असेल, पण त्यांनी पिशवीतून सगळे कागद टेबलवर ओतले, त्यात किराण्याचं बिलपण होतं, डॉक्टरांनी दोन-चार बघितले आणि परत नीट लावून पुढच्या वेळी या म्हणून सांगितलं. त्या पोराची काय चूक आहे? त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड लावायला काय लागतं की रक्ताच्या आजारासाठी हे हे कागद आणा म्हणून. डोळ्यांचं, कानांचं काय लागतं ते लिहिलेलं होतं, आमचं नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी आहे एवढंच. ठराविक वारी बोर्ड बसतं, सकाळी नंबर लावायचा. गर्दी भरपूर, बसायला बाकडी कमी, आणि ज्यांना चालता येत नाही अशी माणसं जिन्याजवळ खाली बसलेली. पंख्याखाली जागा मिळाली तर नशीब. आमच्यासारख्यांना उन्हात उभं राहणं, पाणी कमी पडणं म्हणजे क्रायसिसला बोलावणंच, म्हणून पाण्याची मोठी बाटली, काहीतरी खायला आणि थंडीचे दिवस असतील तर स्वेटर, मफलर सोबत असू द्या, एकटं जाऊ नका. मी आईला घेऊन गेले होते.

लाईनीत उभी होते तेव्हा मागची एक बाई आईला म्हणाली, "पोरीचे हातपाय तं चांगले हायेत वं, हे कायले अपंगाच्या लायनीत उभी हाये?" तिच्या पोटात काही वाईट नव्हतं, तिला खरंच प्रश्न पडला होता, आणि आईने तिला सगळं समजावून सांगितलं. पण आतल्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यानेपण तेच विचारलं, "चालत आलीस ना तू? मग कायचं दिव्यांग?" हे मात्र मला लागलं. लाईनीतल्या बाईला माहीत नसेल तर समजू शकते, पण खिडकीवर बसणाऱ्याला माहीत पाहिजे की 21 प्रकारांपैकी कितीतरी बाहेरून दिसत नाहीत. मी त्याला फॉर्मवर छापलेलं रक्ताचे आजार हे बोट ठेवून दाखवलं, मग त्याने कागद घेतले. तुम्हाला कोणी असं बोललं तर भांडू नका पण मागेही फिरू नका, कायद्यात नाव आहे, एवढं शांतपणे सांगा. गेल्या काही वर्षांत बोगस प्रमाणपत्रांच्या इतक्या बातम्या आल्या की सगळीकडे संशय वाढलाय, तपासणी कडक झालीये, ती व्हायलाच पाहिजे, खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे आणि तो लागलाच पाहिजे. पण त्या संशयाचा मार सगळ्यात आधी आमच्यासारख्या धडधाकट दिसणाऱ्यांवर पडतो.

आतले डॉक्टर चांगले होते. मेडिसिनच्या डॉक्टरांनी बसवून घेतलं आणि नीट विचारलं. क्रायसिस किती वेळा येतो, आल्यावर घरीच राहतेस की भरती होतेस, रक्त किती वेळा लागलं, छातीत इन्फेक्शन झालं होतं का, कधी झटका आला होता का, डोळे तपासलेत का. प्लीहा पोटाला हात लावून बघितली. मी एक सांगते, त्या दिवशी बरं वाटत असेल तर बरं वाटतंय असंच सांगा, पण वाईट दिवस कसा असतो तेही पूर्ण सांगा. आपल्या बायकांना सवय असते, कोणी विचारलं की आता बरं आहे जी म्हणायचं. डॉक्टर विचारतात ते आजचं नाही, पूर्ण वर्षाचं. मी सांगितलं की क्रायसिसमध्ये मला स्वतःच्या हाताने पाण्याचा गडवा उचलता येत नाही, संडासला आई धरून नेते, शिलाईची ऑर्डर परत द्यावी लागते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आणि आता ज्यांचा खुबा खराब झालाय त्यांनी हे नीट वाचा. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून हाड झिजतं, डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात, आपल्यातल्या कितीतरी पोरापोरींना आहे आणि ते लंगडत चालतात पण अर्जात फक्त सिकलसेल लिहितात. खुबा हा वेगळा प्रकार आहे, अस्थिव्यंगात येतो, आणि तो हाडांच्या डॉक्टरांकडून वेगळा तपासून घ्यायचा. मेडिसिनच्या डॉक्टरांनीच मला तिकडे पाठवलं. तिथे मांडी घालून बसायला लावलं, मला बसता येत नाही, मग झोपवून पाय वर, बाजूला, आत-बाहेर फिरवून कोन मोजला, एक पाय आखूड झालाय का ते टेपने मोजलं. दोन्हीचे अपंगत्वाचे टक्के मग एकत्र करतात, पण सरळ बेरीज होत नाही, त्याचं सूत्र ठरलेलं आहे. समजा एकाचे 40 आणि दुसऱ्याचे 30 आले तर 70 होत नाहीत, 57 च्या आसपास येतात. बरेच जण इथे डॉक्टरांनी टक्के कापले म्हणून ओरडतात, तसं नसतं, सगळ्यांना तेच सूत्र आहे.

टक्क्यांचा हिशोब असा की 40 किंवा त्याच्या वर असेल तरच बहुतेक योजना लागू होतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले तेव्हापासून कार्डाचे रंगपण वेगळे झाले, 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं आणि 80 किंवा त्याच्या वर निळं. त्याच नियमांत प्रमाणपत्र द्यायची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली आणि अर्ज दोन वर्षं निकाली निघाला नाही तर तो रद्द होऊन परत अर्ज करायचा असंही आहे. हे दोन्ही मला आवडलं नाही. मुदत वाढली म्हणजे हॉस्पिटलला मोकळीक मिळाली, आणि दोन वर्षं अर्ज पडून राहिला तर त्यात पेशंटचा दोष काय? म्हणून स्टेटस अधूनमधून बघत राहा, फॉर्म भरून घरी वाट बघत बसू नका. टक्के कमी वाटले तर अपील करता येतं, कायद्याच्या कलम 59 मध्ये ते आहे. अपिलात जाताना नवीन कागद जोडा, जुनेच परत देऊन काही होत नाही.

माझं प्रमाणपत्र टेंपररी आहे, म्हणजे त्याच्यावर तारीख आहे आणि त्याच्या आधी परत तपासणी. सिकलसेल जन्मापासून मरेपर्यंत असतो, पॅटर्न काही बदलत नाही, मग टेंपररी का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. त्यांचं म्हणणं की आजार कायमचा आहे पण त्याचा जोर औषधाने कमी-जास्त होतो, म्हणून परत बघावं लागतं. बोलणं चुकीचं नाही, पण मग हायड्रॉक्सियुरिया नियमित घेऊन ज्याचे क्रायसिस कमी झाले त्याचे टक्के 40 च्या खाली जाणार आणि अनुदान बंद होणार ही भीती लोकांच्या मनात बसते. एका मावशींनी मला उघड सांगितलं की पोराला गोळ्या द्यायला भीती वाटते. मावशींना मी एवढंच म्हटलं की पोरगा उभा राहिला तर पैसे कमावेल, गोळी बंद करू नका. तुम्हालाही तेच सांगते, हात जोडून सांगते.

कार्ड पोस्टाने घरी येतं, त्याच्यावर 18 आकडी नंबर असतो. त्याच्या आधीच पोर्टलवरून प्रमाणपत्र आणि ई-कार्ड डाऊनलोड करता येतं आणि ते चालतं, त्यामुळे पोस्टमनची वाट बघत तहसीलचं काम थांबवू नका.

आता याचा उपयोग काय, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग आहे. नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि आमच्या पोरापोरींना वाटतं की कार्ड आलं की पोलीस भरती सोडा पण क्लार्कची तरी जागा निघेल. कायद्याचं कलम 34 बघा, त्यात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, कुष्ठरोगमुक्त, ॲसिड हल्ल्यातले, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ऑटिझम, मानसिक आजार वगैरे आहेत, रक्ताचे आजार नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनपण नाहीत. म्हणजे 21 प्रकारांत घेतलं, 40 टक्क्यांचं कार्ड दिलं, आणि नोकरीच्या दारात थांबवलं. ज्यांचा खुबा खराब आहे त्यांना अस्थिव्यंगाच्या बाजूने रस्ता आहे, म्हणूनच वर म्हटलं की ते वेगळं तपासून लिहून घ्या. नुसता सिकलसेल असेल तर नोकरीच्या आरक्षणाची आशा धरून क्लासची फी भरू नका, आधी जाहिरातीतले प्रकार वाचा. हे कलम बदलायला पाहिजे. 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी ठरली, हे चांगलंच आहे, पण जे आज एसएस घेऊन जगतायत त्यांना पोटापाण्याचं काय?

शिक्षणात मात्र तसं नाही. कॉलेजच्या 5 टक्के जागांमध्ये 40 टक्के आणि त्याच्या वरचे सगळे प्रकार येतात, रक्ताचे आजारपण, म्हणून दहावी-बारावीतल्या पोरांचं कार्ड आधीच काढून ठेवा, ॲडमिशनच्या आठवड्यात बोर्डासमोर लाईन लावायची वेळ येऊ देऊ नका. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, तासाला 20 मिनिटं. हिवाळ्यात बोट आखडून पेपर लिहिणाऱ्या पोराला त्या 20 मिनिटांची किंमत विचारा.

प्रवासाचं सांगायचं तर एसटीत सिकलसेलच्या पेशंटला मोफत प्रवास आहे, हिमोफिलिया आणि डायलिसिसवाल्यांनापण, गाडीच्या प्रकाराच्या, अंतराच्या अटी आपल्या आगारात विचारून घ्या. रेल्वेत सिकलसेलला उपचारासाठी जाताना 50 टक्के सवलत आहे, ती युडीआयडीवर नाही, हॉस्पिटलच्या ठरलेल्या फॉर्मवर मिळते, तो डॉक्टरांकडून भरून घ्यायचा.

आणि अनुदान. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आधी महिन्याला 1500 होते, 2025 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने 2500 करायचा निर्णय घेतला. 40 टक्के पाहिजे, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेलं पाहिजे, आणि दिव्यांगांसाठी घराच्या उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजार. आमचं त्याच्या आत बसलं कारण घरात फक्त आईची रोजंदारी आणि माझी कधीमधी शिलाई. पण विचार करा, 50 हजार म्हणजे महिन्याला 4200 पण होत नाहीत. ज्या घरात एक माणूस नियमित मजुरीला जातो ते घर पण याच्या बाहेर जातं. एसएसच्या पेशंटची भरती, गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हे त्यात कोणी धरत नाही. ही मर्यादा वाढवली पाहिजे, 2500 केले ते चांगलं केलं पण ते मिळणारच कितीजणांना?

तहसीलचं काम तलाठ्यापासून सुरू होतं. तलाठ्याचा अहवाल, त्याच्यावर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक, आणि युडीआयडी. आमचे तलाठी भाऊ चांगले निघाले, घरी येऊन बघून गेले. तहसीलच्या बाहेर मात्र एकजण "कमिटीत आपली ओळख आहे ताई, काम लवकर करून देतो" म्हणत मागे लागला होता. एक रुपया देऊ नका. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो आणि मीटिंग झाली की मंजूर होतो, मीटिंग कधी आहे तेवढं विचारत राहायचं. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे बँकेत आधार सीडिंग झालंय का ते आधी बघा, केवायसी केली म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, बँकेच्या मॅडमना स्पष्ट विचारा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो राहिला तर अनुदान थांबतं.

80 टक्के किंवा त्याच्या वर असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची वेगळी पेन्शन आहे, त्यात केंद्राचा वाटा 300 रुपयेच आहे. आणि एक कोणी सांगत नाही ते म्हणजे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या गावात ग्रामसभेत मी हे विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ग्रामसेवकांनी पुढच्या यादीत नाव घेतो म्हटलंय. तुम्हीपण कार्डाची झेरॉक्स ग्रामपंचायतीत देऊन पोच घेऊन ठेवा, नाव रजिस्टरला नसेल तर पैसे दुसऱ्याच कामात जातात.

वेगवेगळे मार्क द्यायचे तर ऑनलाईन अर्जाला चार, डॉक्टरांना चार, हॉस्पिटलच्या खिडकीला आणि बसायच्या सोयीला दोन, तलाठ्यांना पाच, उत्पन्नाच्या अटीला एक. कोणाला फाईल कशी लावायची ते बघायचं असेल तर विचारा, वहीतल्या तक्त्याचा फोटो पाठवते. आणि तपासणीची तारीख घेताना हिवाळ्यातली शक्यतो घेऊ नका, पहाटेच्या पहिल्या गाडीने निघून गारठ्यात नंबर लावावा लागतो.